संपर्क व्यक्ती : शेख मुख्तार, लाईनमन

बद्रीनाथ : हे रजिस्टर परत घ्या, मुख्तारभाई. ह्याच्यावर मी शिक्का मारू शकत नाही.

मुख्तार : का हो, बद्रीनाथसाहेब? पानन् पान भरलंय. पत्रा गल्लीची अडतीस घरं, एक सुटलं नाही. तीस दिवस फोन कानाला चिकटला होता माझ्या, कान बघा, अजून लाल आहे.

बद्रीनाथ : तेच सांगतोय. हे फोनचं रजिस्टर आहे. मला हरकती पाहिजेत.

मुख्तार : मग ह्या काय आहेत? वाचतो ना मी. “घर नंबर चार, कारभारी. म्हणतात, रस्ता रुंद झाला तर जिना जातो, वर चढायचं कसं. सांगितलं, होऊन जाईल.” हे दुसरं. “घर नंबर नऊ, जैतुनबी. म्हणतात, पुढची खोली गेली तर मागं फक्त न्हाणी उरते, न्हाणीत राहू का. सांगितलं, टेन्शन नका घेऊ, होऊन जाईल.”

बद्रीनाथ : पाणी कधी येणार म्हणून विचारल्यासारखी उत्तरं दिलीत हो तुम्ही.

मुख्तार : बावीस वर्षं तीच उत्तरं देतोय, साहेब. पाण्याचा लाईनमन दुसरं काय बोलणार? आणि होऊन जातंच की! आज नाही तर उद्या पाणी येतंच.

सरूबाई : ए बाबांनो, आधी मला सांगा, शिक्का मारणार का नाय? गिरणी बंद ठेवून आलेय. दोन पायल्या ज्वारी तशीच पडलीय जात्यात.

बद्रीनाथ : ह्या कोण?

मुख्तार : सरूमावशी. घर नंबर सतरा. पिठाची गिरणी यांचीच. म्हणाल्या, माझ्या डोळ्यांदेखत शिक्का मारून घे, मगच मला झोप लागंल.

सरूबाई : कागदावर माझा इश्वास नाय बाबा. शिक्क्यावर हाय.

बद्रीनाथ : मग नीट ऐका, आजी. चौकशी वेगळी अन् हरकत वेगळी. मुख्तारभाईंना नेमलं चौकशीसाठी. लोकांनी विचारायचं, यांनी समजावून सांगायचं. हरकत ज्यानं त्यानं स्वतः द्यायची. कागदावर लेखी, खाली घरमालकाची सही नाहीतर अंगठा, सोबत लाईट बिल. त्यावर मी आवक नंबर टाकणार. ज्याला नंबर त्यालाच सुनावणी.

सरूबाई : आन् ज्याला नंबर नाय?

बद्रीनाथ : त्याचं काही म्हणणं नाही, असं धरतात.

सरूबाई : म्हणजे?

बद्रीनाथ : म्हणजे लाल खुणेपर्यंत घर रस्त्यात.

सरूबाई : मुख्तार.

मुख्तार : थांबा मावशी, थांबा. साहेब, मला कुणी सांगितलं नाही असं. मोठे साहेब म्हणाले, तुझा नंबर गल्लीत सगळ्यांकडं आहे, लोक तुझं ऐकतात, मराठी बोलतोस, आपली बोली बोलतोस, तूच हो संपर्क व्यक्ती. लोकांचं ऐकून घे, लिहून ठेव. मी ऐकलं, लिहिलं. चुकलं कुठं माझं?

बद्रीनाथ : नोटीस वाचली होती?

मुख्तार : म्हणजे काय? मीच चिकटवली की चौदा ठिकाणी! एक लॅमिनेशन करून घरी लावलीय, पोरीनं फोटो पाठवला सासरी.

बद्रीनाथ : ही घ्या नोटीस. वाचा मोठ्यानं.

मुख्तार : “सर्व संबंधित नागरिकांना कळविण्यात येते की, नियोजित रस्ता रुंदीकरणाबाबत हरकती व सूचना तीस दिवसांच्या आत... अधिक चौकशीसाठी संपर्क व्यक्ती, शेख मुख्तार, लाईनमन, मोबाईल...”

बद्रीनाथ : पुढं.

मुख्तार : “हरकती लेखी स्वरूपात, घरमालकाच्या सहीने, पुराव्यासह, कार्यालयात समक्ष सादर कराव्यात. तोंडी हरकत ग्राह्य धरली जाणार नाही.”

बद्रीनाथ : हे तीस दिवसांत वाचलं नाही?

मुख्तार : नाही.

बद्रीनाथ : का?

मुख्तार : नाव आलं तिथंच थांबलो, साहेब. आयुष्यात पहिल्यांदा छापलेलं बघितलं मी माझं नाव.

सरूबाई : मुडद्या! नावावर पाणी सोड तुझ्या! अरे, रोज मी तुझ्या मागं हिंडले. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात डोकं घालून बसलेला असायचास, वरनं मी इचारायचे, मुख्तार, मव्ह्या गिरणीचं काय? आन् खड्ड्यातनं आवाज यायचा, लिहिलंय मावशी, होऊन जाईल! हेच का व्हायचं व्हतं?

मुख्तार : लिहिलं होतं मावशी, हे बघा, घर नंबर सतरा, तीन वेळा लिहिलंय...

सरूबाई : तीनदा काय घेऊन बसलास! पुढं गिरणी, मागं चूल, एवढंच घर हाय मपलं. गिरणीच्या मागच्या भितीला लाल पट्टा मारलाय तुमच्या लोकांनी. गिरणी गेली तर चुलीवर काय शिजवू, तुझं रजिस्टर?

मुख्तार : साहेब, वाजले किती?

बद्रीनाथ : चार वाजून पाच मिनिटं. साडेपाचला खिडकी बंद. सव्वापाचला आणलंत तर सव्वापाचला घेईन, साडेपाचला एक मिनिट कमी असताना आणलंत तरी घेईन. नंतर नाही. आवकची वही मोठे साहेब स्वतः उचलून नेतात.

मुख्तार : उद्या?

बद्रीनाथ : आज तिसावा दिवस. उद्या एकतिसावा.

मुख्तार : मावशी, तुमचा अर्ज तरी घेऊ आधी. साहेब, कोरा कागद द्या. लिहितो मी. अंगठा लावा मावशी इथं.

सरूबाई : मव्हा अंगठा चालायचा नाय.

मुख्तार : का?

सरूबाई : घर मव्ह्या नावावर कुठंय? सूनबाईच्या हाय, दगडाबाईच्या. पोरगा गेला तवा मीच करून दिलं. म्हटलं, तरणी पोर, तिला असं वाटू नये की सासू कधी बी बाहेर काढंल.

मुख्तार : मग फोन लावा ना सूनबाईला! बोलवा!

सरूबाई : तूच लाव. दिवाळीपासनं आमचं बोलणं बंद हाय. चूल बी वायली मांडलीय तिनं.

मुख्तार : अल्ला! बरं, लावतो. सगळ्यांनाच लावतो. अडतीस फोन. रिक्षानं औरंगपुऱ्यातल्या आपल्या गल्लीतून इथवर यायला पंधरा मिनिटं. आपण करू, साहेब. होऊन...

सरूबाई : गप! तो शबुद काढशील तर रजिस्टर घालीन डोक्यात.

मुख्तार : हॅलो? रामकिसनभाऊ? मुख्तार... व्हय, तीनलाच सोडलं पाणी, प्रेशर बरं आहे ना?... ते सोडा, ऐका. लाईट बिल घेऊन लगेच ऑफिसला या, एक सही करायचीय... आज. आत्ता... नाही हो, ते रजिस्टर चालत नाही म्हणतात... मीच म्हटलं होतं, कबूल... तसं नाही, भाऊ, खरंच सांगतो... हॅलो? हॅलो?

सरूबाई : काय म्हणला?

मुख्तार : हसला. म्हणाला, मुख्तारभाई, तुम्ही असताना आम्हाला काय काळजी. टाकी भरून वाहतेय म्हणे, ठेवला.

बद्रीनाथ : दुसरा लावा.

मुख्तार : भागूबाई? मी मुख्तार... हो हो, अजून दीड तास राहील नळ... भागूबाई, पाण्यासाठी नाही फोन केला. तुमची हरकत पोचली नाही... कुठं म्हणजे? इथं. ऑफिसात... नाही, मी सांगितलं होतं पोचली, पण नाही पोचली... हॅलो, रडू नका... रडत नाही? मग?... बरं.

सरूबाई : आता हिचं काय?

मुख्तार : म्हणाली, तुमच्याच तोंडून कळलं होतं झालंय म्हणून, आता पुन्हा तुमच्याच तोंडून झालं नाही म्हणता, तर भाऊ, ऊन लागलंय तुम्हाला, घरी जाऊन पडा. आणि हंडा भरला तिचा.

बद्रीनाथ : आज तुमच्या गल्लीचा पाण्याचा दिवस आहे का?

मुख्तार : आठवा दिवस. मीच व्हॉल्व्ह फिरवून आलोय इकडं. कय्युमला बसवलंय खड्ड्यावर.

बद्रीनाथ : झालं मग. आठ दिवसांनी नळ आलाय. आता साक्षात कलेक्टर दारात आला तरी बाया म्हणतील, बादली धरा जरा.

मुख्तार : काकासाहेबांना लावतो. शिकलेले आहेत, मास्तर होते, समजून घेतील... काकासाहेब, नमस्कार. मुख्तार... जी, अजिजीनं सांगतो, लाईट बिल घेऊन... बिल भरलंय, माहीत आहे मला... नाही हो, लाईटचं माझं काही काम नाही... हरकत, हरकत! रस्त्याची!... जी... जी... बरं.

सरूबाई : शिकल्याला तरी कळलं का?

मुख्तार : म्हणाले, शासकीय माणसानं स्वतः नोंद घेतलीय म्हणजे ती ग्राह्य असणारच, तू उगाच घाबरतोस, तुझ्यात आत्मविश्वास कमी आहे.

सरूबाई : बघ. बघ काय करून ठेवलंस. एका तोंडानं तीस दिवस गल्लीला थोपटून झोपवलंस, आता एका फोनात जागी व्हईल व्हय ती?

मुख्तार : अजून पस्तीस आहेत. लावत राहतो.

बद्रीनाथ : चार वीस झाले.

मुख्तार : हॅलो, दगडाबाई? मी मुख्तार... तुमच्या सासूबाई इथं... हॅलो?

सरूबाई : ठिवला?

मुख्तार : सासूबाई म्हटलं तिथंच ठेवला.

सरूबाई : शान्या! मव्हं नाव कशाला घेतलंस? गिरणी म्हणायचं. गिरणीसाठी आली असती ती, मव्ह्यासाठी कशाला यील?

मुख्तार : कुणीच येत नाही, मावशी. कारभारीचा फोन लागत नाही, वाळूजला कंपनीत गेटवर ठेवून घेतात फोन. सांडू अन् त्याचे दोघं भाऊ गावाकडं लग्नाला. दोन घरांना कुलूप. बाकीचे सगळे घरी आहेत अन् घरीच राहणार. पाणी चालू आहे तोवर उंबरा ओलांडणार नाहीत.

सरूबाई : मंग बंद कर की.

मुख्तार : काय?

सरूबाई : पाणी.

मुख्तार : मावशी, काय बोलता?

सरूबाई : तू नुसता व्हॉल्व्ह फिरव. धा मिंटात गल्ली रस्त्यावर यीती का नाय बघ. तुला हुडकत येतील. बत्ती लावून हुडकतील.

बद्रीनाथ : मी हे काहीही ऐकलेलं नाही. मी फाईल लावतोय.

मुख्तार : चालू नळ बंद करायचा? बावीस वर्षांत केलं नाही मी. माझा बाप वारला तेव्हा व्हॉल्व्ह फिरवून मग कब्रस्तानात मिट्टीला गेलो. आणि एकदा बंद केला की लाईन उतरते, मावशी. पाणी पुढच्या भागाला जातं. परत आज सोडता येत नाही. परत आठ दिवसांनी.

सरूबाई : ठावं हाय मला.

मुख्तार : वरच्या टोकाच्या टाक्या भरल्यात. खालच्या टोकाला आत्ता कुठं धार सुरू झाली असेल. जैतुनबीच्या घरी तर अजून पोचलं पण नसेल. त्यांच्याकडं टाकी नाही, दोन हंडे अन् एक पिंप. आठ दिवस बिना पाण्याची राहील ती बाई?

सरूबाई : पाण्याबिगर माणूस हापशावर जातं, टँकरमागं पळतं, शेजाऱ्याला तांब्या मागतं. घराबिगर कुठं जातं, सांग?

मुख्तार : अजून एक फोन लावून बघतो.

सरूबाई : सांग की! संपर्क व्यक्ती हायेस ना? मी इचारते, चौकशी हाय मपली. लिही रजिस्टरात. घर नंबर सतरा, सरूबाई, म्हणतात, घराबिगर कुठं जावं. आन् पुढं उत्तर लिही.

मुख्तार : असं नका बोलू, मावशी.

बद्रीनाथ : चार पस्तीस.

मुख्तार : साहेब, समजा लोक आले. अडतीस अर्ज लिहायला वेळ कुठंय? त्यातले निम्मे सही सोडून काही लिहीत नाहीत.

बद्रीनाथ : अर्ज आधी लिहून ठेवता येतात. मजकूर तुमच्या रजिस्टरात आहेच. “म्हणतात” च्या पुढचं उतरवायचं, “सांगितलं” पासून सोडून द्यायचं. फक्त सही त्यांची. कागद मी देतो. दोन पेन आहेत माझ्याकडं.

मुख्तार : तुम्ही लिहिणार?

बद्रीनाथ : खिडकीवर गर्दी नाही. बसून काय करू?

मुख्तार : कय्युमला लावतो.

सरूबाई : लाव.

मुख्तार : कय्युम? सुन. पत्रा गल्लीका व्हॉल्व्ह बंद कर... हां, अभी... पागल नाही झालो. पूरा बंद, टाईट... ऐकून घे. लोक येतील तुझ्या अंगावर. तू हात जोड अन् सांग, मुख्तारनं बंद केलंय. तो क्रांती चौकाच्या पलीकडं रस्त्याच्या ऑफिसात बसलाय, पहिला मजला, खिडकी नंबर तीन. ज्याला शिव्या द्यायच्यात त्यानं तिथं येऊन तोंडावर द्या. आणि सांग, येताना लाईट बिल आणलं तरच तो बोलेल, नाहीतर नाही... हां, हरेक घरका मालिक... कय्युम, सुन ना. जैतुनबीच्या घरी पोचलं का रे पाणी?... बरं... नाही, तरी बंद कर.

सरूबाई : पोचलं का?

मुख्तार : हवा येतेय म्हणाला नळातून. फुसफुस करतोय. पाच मिनिटांत आलं असतं.

बद्रीनाथ : लिहा. माझ्या मागं मागं लिहा. “प्रति, मा. अधिकारी. विषय, रस्ता रुंदीकरणास हरकत. महोदय, मी खाली सही करणार, पत्रा गल्ली, घर नंबर अमुक येथे राहतो...”

मुख्तार : राहतो का राहते?

बद्रीनाथ : बाईच्या अर्जाला राहते लिहा की! तुम्हाला काय मी सांगायचं?

सरूबाई : कारभारीचं नीट लिही रे. जिना त्याच्या बापानं सोत्ता बांधलाय, दौलताबादवरनं दगड आणून. ते घाल त्यात.

मुख्तार : कारभारी येणार कुठंय, मावशी.

सरूबाई : तरी लिही. न जाणो.

मुख्तार : थांबा, फोन... हां, रामकिसनभाऊ... व्हय, मीच बंद केलं... जाणूनबुजून... माझ्या आईला मधे आणू नका, या, इथं येऊन बोला. बिल घेऊन या... हॅलो, भागूबाई... व्हय, मीच... ऊन नाही लागलं, डोकं ठिकाणावर आहे... या... काकासाहेब? तक्रार करा ना माझी, जरूर करा! लेखी करा! इथंच खिडकी आहे, मी स्वतः शिक्का मारून देतो! या!

सरूबाई : आता कसं बोलतोस! हेच आधी बोलला असतास तर.

बद्रीनाथ : फोन बाजूला ठेवा, अर्ज लिहा. पाच वाजले. माझे नऊ झाले, तुमचे?

मुख्तार : सहा. माझं मराठी अक्षर हळू चालतं, साहेब. शाळा उर्दूत झाली.

बद्रीनाथ : अक्षर चांगलंय तुमचं. वेलांट्या कमी सजवा, लवकर होईल.

सरूबाई : मी काय करू? मला बी द्या काम. नुसती बसले तर जीव जाईल मव्हा.

बद्रीनाथ : हे शाईचं पॅड धरा. अंगठेवाले आले की तुम्ही एकेकाचा अंगठा लावून घ्यायचा.

मुख्तार : मावशी, तुमचा लिहितोय. घर नंबर सतरा. मालक, दगडाबाई. काय लिहू?

सरूबाई : लिही, गिरणी गेली तर दोन बाया भुक्या मरतील. दोन लिही. एक नको.

मुख्तार : लिहिलं. दोन.

बद्रीनाथ : पाच दहा.

सरूबाई : कुणी आलं नाय अजून.

मुख्तार : येतील.

सरूबाई : क्रांती चौकात अडकले आसतील. ह्या वेळंला तिथं मुंगीला बी जागा नसती.

मुख्तार : नाहीतर आलेच नाहीत. नळ गेला म्हणून शिव्या दिल्या, दार लावलं, बसले. तसं झालं तर, मावशी? पाणी पण गेलं, घर पण गेलं, दोन्ही माझ्याच हातानं. मी कुठल्या तोंडानं त्या गल्लीत पाय ठेवू? तिथं प्रत्येक पोर मला मुख्तारचाचा म्हणतं हो.

सरूबाई : लिहीत राहा तू. थांबू नको.

मुख्तार : पेन अडतंय.

सरूबाई : झटक त्याला. लिहीत राहा.

बद्रीनाथ : सव्वापाच. तेहतीस अर्ज तयार आहेत. एकही सही नाही.

सरूबाई : विठ्ठला, अल्ला, जो कुणी जागा आसंल त्यानं रिक्षा हाका रे बाबांनो!

बद्रीनाथ : आजी, खिडकीतून बघा जरा. खाली काहीतरी गोंधळ दिसतोय.

सरूबाई : अगं आई! मुख्तार! रिक्षाच रिक्षा! भागी उतरली, केसं मोकळी तिची, न्हातानी उठून आली जणू. रामकिसन हातात बादलीच घिऊन आलाय! काकासाहेब लुंगीवर! हा फकिरा बघ, दात खातोय नुसता. मुख्तार, तू टेबलाखाली बस बाबा, मारतील तुला.

(जिन्यावर पन्नास पावलांचा, बांगड्यांचा आणि शिव्यांचा एकच कल्लोळ.)

बद्रीनाथ : रांग! रांग करा! बिल हातात, तोंड बंद!

मुख्तार : भावांनो, मारा, पण पाच एकतीसला मारा! आधी सही करा. ऐका माझं! मी तुम्हाला सांगितलं, नोंद झाली. झाली नव्हती. मला माहीत नव्हतं, पण तुम्ही मलाच विचारत होता, मला माहीत असायला पाहिजे होतं. ज्याची सही आज ह्या कागदावर नाही, त्याचं घर लाल खुणेपर्यंत जाणार. हे मी खरं बोलतोय. रामकिसनभाऊ, बादली खाली ठेवा, हा तुमचा अर्ज, इथं.

सरूबाई : आण गं अंगठा. दाब. पूस. पुढं. आण. तू कोण, फकिराचा चुलता? दाब. मव्ह्या लुगड्याला नको, भितीला पूस.

बद्रीनाथ : भिंतीला नको, आजी! आवक एकशे बारा. एकशे तेरा. बिल कुठंय? ह्यात नाव वेगळंय. बापाचं? चालेल, खाली लिहा. एकशे चौदा.

मुख्तार : काकासाहेब, तुमचं मी लिहिलंय, तुम्ही फक्त... बदलू नका हो शब्द, वेळ नाही, शुद्धलेखन नंतर!

बद्रीनाथ : पाच चोवीस. हात चालवा.

मुख्तार : मावशी.

सरूबाई : काय हाय? अंगठे लावतेय ना मी.

मुख्तार : दगडाबाई आल्यात. समोर उभ्या आहेत.

सरूबाई : दिसतंय मला. आंधळी नाय मी. तिला सांग, सतराचा कागद वरनं तिसरा हाय.

मुख्तार : दगडाबाई, वरून तिसरा.

सरूबाई : तिला सांग, वाचून सही कर. उगं म्हातारीनं काय बी लिहून घेतलं म्हणू नको मागनं.

मुख्तार : वाचतायत त्या, मावशी... केली सही.

सरूबाई : काही म्हणली का?

मुख्तार : “दोन” ह्या शब्दावर बोट ठेवलं फक्त. मग केली.

सरूबाई : तिला सांग, पदर भिजलाय, पिळून घे. पंख्याखाली उभी राहू नको.

बद्रीनाथ : एकशे एकोणचाळीस. एकशे चाळीस. पुढं. एकशे एक्केचाळीस. एकशे बेचाळीस. अजून कुणी? लवकर.

मुख्तार : जैतुनबी! साहेब, जैतुनबीचं बिल आलंय, भागूबाईनं आणलंय. गुडघे धरलेत तिचे, पायरी उतरवेना, रिक्षात बसवेना. अर्ज तयार आहे. फक्त अंगठा.

बद्रीनाथ : अंगठा तिचाच पाहिजे.

मुख्तार : मी लावतो. माझा लावतो तिच्या नावानं. कुणाला कळणार आहे? अंगठ्यावर थोडंच नाव लिहिलेलं असतं?

बद्रीनाथ : लावा. सुनावणीला तिला विचारतील, हा तुमचा अंगठा का? ती बाई खोटं बोलेल?

मुख्तार : नाही. ती नाही बोलायची.

बद्रीनाथ : मग ज्या माणसानं एक अंगठा खोटा आणला त्याच माणसानं बाकीचे अर्ज लिहिलेत, असं म्हणतील. सगळ्याच्या सगळ्यांवर बोट जाईल. पाच एकोणतीस झाले, मुख्तारभाई. ठरवा. मी शिक्का हातात धरून बसलोय.

मुख्तार : अर्ध्या तासात मी जाऊन आलो असतो. अर्धाच तास, साहेब. चिठ्ठी लिहून द्या साहेबांना, म्हणा, लाईनमनची चूक आहे, माझा पगार कापा, मला काढून टाका, मी लिहून देतो, सही करून देतो...

बद्रीनाथ : लिहून दिलं तर तुम्हाला काढतील. तिचा अर्ज घेणार नाहीत.

सरूबाई : ठिव तो कागद खाली, मुख्तार. ठिव बाबा.

बद्रीनाथ : साडेपाच. साहेब, ही घ्या आवकची वही. एकशे बारा ते एकशे बेचाळीस, पत्रा गल्ली. हो साहेब, एकाच दिवशी. हो, लोक जागरूक आहेत.

मुख्तार : एकतीस.

सरूबाई : एकतीस काय थोडे झाले?

मुख्तार : सात राहिले. सांडू अन् त्याचे दोघं भाऊ. कारभारी. कुलूपवाली दोन घरं. आणि जैतुनबी.

बद्रीनाथ : एकतीस जणांची सुनावणी होईल, तेव्हा त्यांनी सात घरांचं म्हणणं तोंडी मांडावं. ऐकतीलच असं नाही. पण मांडावं. पोचपावत्या घ्या ह्या, सगळ्या मोजून घ्या. आणि मुख्तारभाई, नळाबद्दल चौकशी लागली तर मला काही विचारू नका, मी फाईल लावत होतो.

मुख्तार : मेहरबानी, साहेब. मला आता कुणी विचारणारच नाही काही.

बद्रीनाथ : असं कसं? नोटिशीवर नाव आहे तुमचं. सुनावणी संपेपर्यंत तुम्हीच. ह्या सात घरांना कळवायचं काम पण तुमचंच येतं. आजच कळवलेलं बरं. उद्या दुसऱ्याकडून कळलं तर ते वेगळं कळेल.

मुख्तार : फोन करू?

सरूबाई : फोन नको. फोनवर तुझा आवाज लई गोड लागतो. दारात जाऊन सांगायचं.

मुख्तार : दारात उभं कोण करेल मला आता? खाली बघा, रामकिसनभाऊ रिक्षात बसले, माझ्याकडं बघितलं पण नाही.

सरूबाई : मी येते संगं.

मुख्तार : तुम्ही कशाला, मावशी? तुमचं झालं. सूनबाई खाली थांबल्यात, रिक्षा धरून ठेवलीय त्यांनी.

सरूबाई : धरलीय का? खरंच?

मुख्तार : तुमच्याकडंच बघतायत.

सरूबाई : तिला सांग, तू हो पुढं, ज्वारी काढ जात्यातनं. म्हातारी यीती मागनं, काम हाय तिला. आन् तू चप्पल घाल. आधी जैतुनबीकडं जाऊ. ती रडत नाय, शिव्या देती. तिच्या शिव्या खाल्ल्या की माणसाला जरा बळ येतं. रडणारी घरं मागनं घेऊ.